अंजिराची काडी : पान फुटलं म्हणजे मूळ धरलं नव्हे

सोलापूरच्या डाळिंबाला आणि पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन मिळालं ते एकाच वर्षी, २०१६ मध्ये. डाळिंबाची गुटी कलमं सोलापूरकरांच्या परिचयाची आहेत. अंजिराचं काम त्याहून सोपं. छाटणीत निघालेल्या काडीपासूनच घरच्या कुंडीत नवं झाड तयार होतं.

बी का लावायचं नाही? आपल्याकडचं ‘पूना’ अंजीर परागीभवनाशिवायच फळतं. अशा फळातल्या बिया वांझ असतात, त्यामुळे झाडाचा वंश माणसाच्या हातानेच पुढे जातो. जॉर्डन खोऱ्यात गिलगाल इथे सापडलेली सुमारे ११,४०० वर्षांपूर्वीची अंजिरं याच प्रकारची असल्याचं संशोधकांनी २००६ मध्ये मांडलं. त्यांचं अनुमान खरं असेल, तर फाटे कलम, म्हणजे काडीपासून झाड वाढवणं, हे धान्यशेतीपेक्षाही जुनं कसब ठरतं.

डोळ्यांत आणि कोवळ्या पानांत तयार होणारं ऑक्सिन हे संप्रेरक खाली वाहत जाऊन तळच्या कापाशी साचतं आणि तिथे मुळं फुटायला चालना देतं. काडी उलटी खोचली तरी ते मूळच्या तळाकडेच वाहतं आणि तो तळ मात्र हवेत राहतो. म्हणून तळाचा काप डोळ्याच्या लगेच खाली सरळ घ्यावा आणि शेंड्याचा तिरपा, म्हणजे वर-खाली ओळखता येतं. काडी पक्व, वीतभर लांबीची, तीन-चार डोळ्यांची असावी. कापातून येणारा चीक सुकू द्यावा आणि निदान दोन डोळे मातीत जातील अशी ती लावावी.

घात होतो तो पुढे. साठवलेल्या पिष्टमय अन्नावर काडीला पानं आधी फुटतात. ती पाहून आपण कुंडी उन्हात ठेवतो आणि पाणी वाढवतो. सोलापूरच्या कोरड्या हवेत पानांतून पाणी झपाट्याने उडतं, पण ते ओढून घ्यायला खाली मुळं नसतात. शिवाय जास्त पाण्याने तळाची हवा कोंडते आणि काडी कुजते. नुसती काळी माती ओल धरून ठेवते, म्हणून सुरुवातीला वाळू आणि कोकोपीट सम प्रमाणात घ्यावं. कुंडी सावलीत ठेवून काडीवर भोकं पाडलेली प्लास्टिकची पिशवी घालावी. एप्रिल-मे टाळावेत.

चार ते आठ आठवड्यांत मुळं धरतात. पारदर्शक पेल्यात काडी लावली तर ती दिसतातही. पेल्याच्या कडेला पांढऱ्या मुळ्यांचं जाळं दिसल्याशिवाय कुंडी बदलू नये आणि ऊनही दाखवू नये.