समुद्रपक्ष्यांच्या विणीच्या वसाहती : गॅनेट आणि वेंगुर्ल्याचे खडक

समुद्रपक्ष्यांचे बहुतेक आयुष्य पाण्यावर आणि पाण्यावरील हवेत जाते. त्यांचे अन्न समुद्रात असते, विश्रांती समुद्रावर असते आणि काही जातींचे पक्षी तर वर्षानुवर्षे भूमीचे दर्शनही घेत नाहीत. परंतु उघड्या समुद्रावर अंडे उबविणे कोणत्याही पक्ष्यास शक्य नाही. म्हणून वर्षातून एकदा, काही महिन्यांपुरते, त्यांना भूमीचा आश्रय घ्यावाच लागतो. ही भूमी खाद्यक्षेत्राजवळ हवी, वाऱ्याला सन्मुख हवी आणि मुख्य म्हणजे उंदीर, कोल्हा, मनुष्य इत्यादी भूचर शत्रूंच्या आवाक्याबाहेर हवी. अशा जागा समुद्राच्या अफाट विस्ताराच्या मानाने फारच थोड्या असतात. समुद्र विस्तीर्ण आणि खडक मोजके, या विषमतेतच समुद्रपक्ष्यांच्या दाट वसाहतींचे मूळ आहे, आणि या वसाहतींवर ओढवणाऱ्या आपत्तींचे मूळही तेथेच आहे. गॅनेट या पक्ष्याच्या जीवनक्रमात ही गोष्ट जितकी स्पष्ट दिसते तितकी ती क्वचितच अन्यत्र दिसत असेल.

मराठवाड्यातील सिरसाळा, परळी यांसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या प्रदेशातील विद्यार्थ्याला सामूहिक विणीची कल्पना अपरिचित नाही. गावाजवळच्या चिंचेवर, वडावर किंवा तळ्याकाठच्या बाभळींवर गायबगळे, ढोकरी, पाणकावळे आदी पक्षी एकत्र घरटी करतात. अशा जागेस मराठीत 'सारंगागार' असे समर्पक नाव आहे. पण सारंगागार आणि समुद्री वसाहत यांत एक महत्त्वाचा भेद आहे. एक चिंच तोडली गेली तर बगळ्यांना दुसरी चिंच शोधता येते. गॅनेटला मात्र दुसरा खडक सहसा मिळत नाही.

गॅनेटचे वर्गीकरण व शरीररचना

गॅनेटचा समावेश सुलिडी या कुलात होतो. याच कुलात उष्ण कटिबंधातील बूबी हे पक्षीही येतात. गॅनेटच्या मोरस या वंशात तीन जाती आहेत : उत्तर अटलांटिकमधील मोरस बॅसानस, दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मोरस केपेन्सिस आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडील मोरस सेरेटर. पहिल्या जातीचे नाव स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील बॅस रॉक या खडकावरून पडले असून लिनीअसने १७५८ मध्ये तिचे नामकरण केले.

उत्तरेकडील गॅनेटच्या पंखांचा विस्तार सुमारे १७० ते १८० सेंटिमीटर व वजन सुमारे ३ किलोग्रॅम असते. तीसेक मीटर उंचीवरून पंख मागे मिटून तो बाणासारखा पाण्यात शिरतो व मासा पकडतो. या आघातास अनुरूप असे अनेक विशेष त्याच्या शरीरात आढळतात. त्याच्या चोचीवर बाह्य नासाछिद्रे नसतात, त्यामुळे सूर मारताना पाणी आत घुसत नाही. चेहरा व छाती यांच्या त्वचेखाली वायुकोश असून ते आघाताचा जोर शोषून घेतात. दोन्ही डोळे पुढच्या दिशेने रोखले जात असल्याने अंतराचा अंदाज अचूक येतो. मात्र अशा प्रकारे शिकार करणाऱ्या पक्ष्याला माशांचे दाट थवे पृष्ठभागाजवळ मिळावे लागतात. हेरिंग, मॅकरेल, सँडईल यांसारखे मासे विपुल असलेल्या थंड व सुपीक समुद्रांतच गॅनेट विणतात, याचे कारण हेच होय.

वसाहतीतील जीवन

गॅनेटची घरटी एकमेकांपासून साधारणपणे ८० सेंटिमीटर अंतरावर असतात. शेजाऱ्याची चोच शेजाऱ्यापर्यंत जेमतेम पोचेल, इतके हे अंतर असते. प्रत्येक पक्षी घरट्याभोवतीच्या या इवल्या क्षेत्राचे कडवेपणाने रक्षण करतो. घुसखोरावर तुटून पडतो आणि झुंज कित्येकदा रक्तबंबाळ होईपर्यंत चालते. एवढ्या दाटीत एवढी आक्रमकता असताना जोडप्याचे सहजीवन चालते, ते ठरावीक हावभावांच्या भाषेमुळे. मान लववून नर जागेवरील हक्क सांगतो. समुद्रावरून परतलेला जोडीदार आणि घरट्यावरचा पक्षी समोरासमोर उभे राहून चोचीवर चोच घासतात. निघण्यापूर्वी पक्षी चोच आकाशाकडे उभी रोखतो, म्हणजे जोडीदाराने घरटे सोडू नये हे त्यास कळते. ब्रायन नेल्सन या शास्त्रज्ञाने १९६० पासून सलग तीन हंगाम बॅस रॉकवर राहून या वर्तनाचा बारकाईने अभ्यास केला. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा सुलिडी कुलावरील ग्रंथ या विषयात प्रमाणभूत मानला जातो.

मादी एकच अंडे घालते. बहुतेक पक्ष्यांच्या पोटावर अंडी उबविण्याच्या काळात पिसे गळून उघडी पडणारी त्वचा गॅनेटमध्ये नसते. तो आपली पडदेयुक्त पावले अंड्याभोवती लपेटून त्यास ऊब देतो. सुमारे ४४ दिवसांनी पिलू बाहेर पडते व सुमारे १३ आठवड्यांनी घरटे सोडते. त्या वेळी त्याच्या अंगावर इतकी चरबी साठलेली असते की त्याचे वजन आईबापांहून पुष्कळच अधिक भरते. ते कड्यावरून समुद्रावर झेप घेते. पण एकदा पाण्यावर उतरले की आठवडा-दोन आठवडे त्यास पुन्हा उडता येत नाही आणि साठवलेल्या चरबीवरच ते गुजराण करते. यात तगलेला पक्षी बहुधा पाचव्या वर्षी प्रथम वीण करतो.

एकाच अंड्याचा प्रश्न पर्यावरणशास्त्राच्या दृष्टीने उद्बोधक आहे. जितकी पिले आईबाप यशस्वीपणे पोसू शकतात तितकीच अंडी घालण्याकडे नैसर्गिक निवडीचा कल असतो, असे डेव्हिड लॅक यांचे प्रतिपादन होते. नेल्सनने काही घरट्यांत दुसरे अंडे किंवा पिलू ठेवून पाहिले, तेव्हा गॅनेटनी दोन्ही पिले वाढविली. म्हणजे निदान त्या काळी बॅस रॉकभोवती अन्नाची टंचाई नव्हती. परंतु निसर्गात ही क्षमता वापरली जात नाही. एक अंडे आणि पाच वर्षांची प्रतीक्षा, अशी वाढीची मंद गती असलेली जाती केवळ प्रौढ पक्ष्यांच्या दीर्घायुष्यावर तगून राहते. प्रौढ पक्षी मोठ्या संख्येने मेले तर ती हानी एका-दोन हंगामांत भरून येत नाही.

दाटीचे लाभ आणि मर्यादा

जागा थोड्या म्हणून दाटी, एवढ्यावरच हे स्पष्टीकरण संपत नाही. फ्रँक फ्रेझर डार्लिंग यांनी १९३८ मध्ये गल पक्ष्यांच्या अभ्यासावरून असे मत मांडले की, शेजाऱ्यांच्या दर्शनाने व हालचालींनी पक्ष्यांची प्रजनन-प्रेरणा उद्दीपित होते, वीण लवकर व एकाच सुमारास होते आणि त्यामुळे शत्रूंना बळी पडणाऱ्या पिलांचे प्रमाण घटते. गॅनेटच्या बाबतीतही दाट समूहात अंडी लवकर घातली जातात आणि लवकर बाहेर पडलेल्या पिलास जगण्याची संधी अधिक असते, असे दिसून आले. रिकाम्या खडकावर दूर जाऊन घरटे करण्यापेक्षा गजबजलेल्या खडकावर जागेसाठी झगडणेच पक्षी पसंत करतात, याचा उलगडा यावरून होतो. नव्या वसाहती दुर्मीळ असतात, त्या यामुळे.

दाटीची मर्यादा मात्र समुद्रात आढळते. वसाहतीतील हजारो पक्षी दररोज एकाच केंद्रातून निघत असल्याने केंद्राभोवतीचे मासे कमी होत जातात व पक्ष्यांना अधिकाधिक दूर जावे लागते, अशी कल्पना फिलिप अॅशमोल यांनी १९६३ मध्ये उष्ण कटिबंधातील समुद्रपक्ष्यांसंबंधी मांडली. मोठ्या वसाहतीतील गॅनेटच्या अन्नशोधाच्या फेऱ्या लहान वसाहतीतील पक्ष्यांपेक्षा लांबतात, असे २००१ मध्ये दाखविण्यात आले. पुढे ब्रिटिश बेटांभोवतीच्या बारा वसाहतींतील पक्ष्यांवर मागोवा घेणारी उपकरणे बसवून केलेला अभ्यास २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात शेजारच्या वसाहतींनी समुद्राची जणू वाटणी करून घेतल्याचे आढळले. खाद्यक्षेत्राचे रक्षण कोणी करीत नसतानाही प्रत्येक वसाहतीचे क्षेत्र बहुतांशी निराळे होते. यावरून विणीचा खडक व त्याच्याशी निगडित समुद्र हे मिळून एकच अधिवास ठरतो, असे म्हणावे लागते. नामिबियाच्या किनाऱ्यावरील सार्डीन माशांचा साठा अतिरिक्त मासेमारीमुळे ढासळल्यावर तेथील केप गॅनेटची संख्या १९५०-६० च्या दशकाच्या मानाने नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. त्यांचे खडक मात्र जेथल्या तेथेच होते.

वसाहतींवरील आघात

खडकावरील सुरक्षितता केवळ दुर्गमतेवर अवलंबून असते. गॅनेट हा भूमीवर मंद, अवजड व निर्भय प्राणी आहे; दुर्गमता भेदणाऱ्या शत्रूविरुद्ध त्याच्याजवळ दुसरा उपाय नाही. कॅनडातील सेंट लॉरेन्सच्या आखातातील बर्ड रॉक येथे ऑडुबन १८३३ मध्ये गेला, तेव्हा दूरून तो खडक बर्फाच्छादित भासावा इतके पक्षी त्यावर होते. मासेमारीच्या आमिषासाठी झालेल्या कत्तलीमुळे त्याच शतकात ही वसाहत जवळजवळ नामशेष झाली. उलट, ब्रिटनमध्ये १८६९ चा समुद्रपक्षी-संरक्षण कायदा आणि नंतरचे निर्बंध यांमुळे संख्या सावरली. जेम्स फिशर व व्हेव्हर्स यांनी १९३९ मधील गणनेवरून विणणाऱ्या उत्तरी गॅनेटची जगातील संख्या सुमारे १ लाख ६५ हजार ठरविली. एका जातीच्या सर्व ज्ञात वसाहतींची अशी गणना हा त्या काळी नवा उपक्रम होता. एकविसाव्या शतकाच्या आरंभी हीच जाती चार लाखांच्या आसपास जोडप्यांपर्यंत पोचली.

हा उत्कर्ष अबाधित राहिला नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात एच५एन१ या पक्षिज्वराच्या विषाणूने उत्तर अटलांटिकमधील वसाहतींत थैमान घातले. चोचीच्या अंतरावर घरटी असलेल्या समूहात रोगाचा प्रसार रोखणारे काहीच नव्हते. बॅस रॉकवर २०१४ मध्ये ७५,२५९ व्याप्त घरटी-जागा मोजल्या गेल्या होत्या. जून २०२३ मधील ड्रोन-गणनेत त्या ५१,८४४ भरल्या. रोगातून वाचलेल्या काही पक्ष्यांच्या डोळ्यांतील फिकट निळे वलय काळे पडल्याचे आढळले. ज्या दाटीने शतकानुशतके वीण सुकर केली, तीच दाटी या प्रसंगी घातक ठरली.

महाराष्ट्राचा किनारा

गॅनेट भारताच्या किनाऱ्यावर विणत नाहीत. त्यांचे सगोत्र बूबी पक्षी मात्र पावसाळी वादळांत भरकटून कोकणच्या किनाऱ्यावर थकलेल्या स्थितीत अधूनमधून सापडतात. त्यांत मास्क्ड बूबी ही जाती विशेष आढळते. परंतु समुद्री विणीची वसाहत पाहावयाची तर महाराष्ट्रात वेंगुर्ल्याच्या खडकांकडे वळावे लागते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले-निवती किनाऱ्यासमोर, दहा-पंधरा किलोमीटर आत, खडकाळ बेटांचा हा लहानसा समूह असून 'बर्न्ट आयलंड' या नावानेही तो ओळखला जातो. अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७५ मध्ये लक्षद्वीप व पश्चिम किनाऱ्याच्या प्रवासात या खडकांची पाहणी केली. हुमायून अब्दुलअली यांचा येथील सुरय व पाकोळी यांवरील निबंध १९४२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

ब्रायडल्ड टर्न या जातीचे सुरय पावसाळ्याच्या सुमारास येथे विणतात. त्यांची अंडी खडकांच्या कपारींत व दगडांच्या आडोशाला असतात. पावसाळ्यात खवळलेल्या दर्यात होड्या जात नसल्याने विणीच्या ऐन काळी हे खडक मनुष्यास बव्हंशी दुर्गम असतात. ही दुर्गमता पक्ष्यांचे रक्षण करते, आणि तीच अभ्यासकास दूर ठेवते. खडकांतील गुहांत भारतीय पाकोळीची मोठी वसाहत आहे. कीटकांवर उपजीविका करणारी पाकोळी समुद्रपक्षी नव्हे. तथापि विणीच्या सुरक्षित जागेच्या दुर्मिळतेमुळे तीही याच खडकांना बांधली गेली आहे. लाळेने सांधलेल्या तिच्या घरट्यांना परदेशी बाजारात मागणी असल्याने घरटी चोरण्यासाठी गुहांत परांच्या उभारल्या गेल्याचे या शतकाच्या आरंभी उघडकीस आले. त्यानंतर चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने संरक्षणाचे काम हाती घेतले. बर्ड रॉकवरील कोयता आणि वेंगुर्ल्याच्या गुहेतील परांची यांचे कार्य एकच : खडकाची दुर्गमता संपविणे.

बॅस रॉक व वेंगुर्ले यांत पक्ष्यांच्या संख्येचा व आकाराचा मोठा फरक आहे, पण अभ्यासाच्या दृष्टीने निर्णायक फरक निराळाच आहे. बॅस रॉकची हानी किती झाली हे आकड्यांत सांगता येते, कारण तेथे आपत्तीपूर्वीची गणना उपलब्ध होती. वेंगुर्ल्याच्या सुरयांवर अशीच आपत्ती कोसळली, तर तिचे माप घेण्यासाठी ठरावीक पद्धतीने, ठरावीक कालांतराने केलेल्या गणनांची मालिका हाती असावी लागेल. हंगामाच्या आरंभी व अखेरीस व्याप्त घरट्यांची मोजणी, छायाचित्रांवरून पडताळा, किनाऱ्यावर सापडणाऱ्या मृत पक्ष्यांची व भरकटलेल्या बूबींची तारीखवार नोंद आणि उंदरांच्या शिरकावावर लक्ष, ही कामे फारशा खर्चाची नाहीत व पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आहेत. मात्र गणकाची पावलेही विणत्या पक्ष्यांस उपद्रवकारक ठरतात. म्हणून जेथे दूरून मोजता येईल तेथे खडकावर न उतरणे, हा या कामाचा पहिला नियम मानला पाहिजे.