‘वय झालं, आता दात पडणारच’: हिरड्यांविषयीचे पाच गैरसमज

साठीनंतर दात हलू लागले की ‘वय झालं’ म्हणून विषय मिटवला जातो. वाढत्या वयात प्रतिकारशक्तीचं काम बदलतं आणि त्याची झळ हिरड्यांना बसते, हे खरं. पण दात हलवतो तो पायोरिया, म्हणजे दाताभोवतीचं हाड झिजवणारा हिरड्यांचा रोग, आणि तो आटोक्यात ठेवता येतो.

गैरसमज : म्हातारपणी दात पडणारच.
वस्तुस्थिती : दंतसंशोधक हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी १९७० पासून १५ वर्षं श्रीलंकेतल्या चहामळ्यांवरच्या ४८० मजुरांच्या हिरड्या तपासल्या. दात नीट घासण्याची सवय नाही, उपचार नाहीत, किटण सगळ्यांच्याच दातांवर. तरीही सुमारे ८ टक्के लोकांमध्ये रोग झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांमध्ये मध्यम गतीने, तर ११ टक्के लोकांमध्ये तो हिरड्यांच्या सुजेपलीकडे गेलाच नाही. म्हणजे घाणीइतकंच महत्त्व शरीर तिला कसं तोंड देतं याला आहे. ज्येष्ठांमध्ये पायोरियाचं प्रमाण जास्त दिसतं, कारण दाताभोवतीचं झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही आणि वर्षानुवर्षांचं नुकसान साचत जातं.

गैरसमज : प्रतिकारशक्ती घटल्यामुळे हे होतं; ती वाढवणारे काढे घेतले की झालं.
वस्तुस्थिती : वयाबरोबर थायमस ग्रंथी आक्रसते, प्रतिकारशक्तीच्या नव्या टी पेशी कमी तयार होतात, जंतूंवर धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशींचा नेम चुकू लागतो. ही झाली एक बाजू. दुसरीकडे शरीरात मंद दाह सतत धुमसत राहतो. इटलीचे शास्त्रज्ञ क्लाउदिओ फ्रांचेस्की यांनी २००० मध्ये त्याला ‘इन्फ्लमेजिंग’ म्हटलं. पायोरियात हाड जंतू थेट खात नाहीत. त्यांच्यामुळे भडकलेला आपल्याच शरीराचा दाह हाड विरघळवणाऱ्या पेशींना कामाला लावतो. म्हणून हा दाह भडकवणारा जंतूंचा थर रोज काढणं, हाच खरा उपाय.

गैरसमज : रक्त येतं तिथे ब्रश लावू नये.
वस्तुस्थिती : लो यांच्याच १९६५ च्या प्रयोगात बारा निरोगी जणांनी दात घासणं बंद केलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं सुरू केल्यावर त्या पूर्ववत झाल्या. जंतूंच्या तितक्याच थराने वृद्धांच्या हिरड्या तरुणांपेक्षा जास्त सुजतात, असं पुढच्या प्रयोगांत दिसलं. तेव्हा रक्त येतं तिथे मऊ ब्रश हलक्या हाताने, पण नेमाने फिरवावा. रक्त येत नाही म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये हे लक्षण झाकलं जातं. मिश्रीने हिरड्या ‘घट्ट’ होतात हा समजही फसवा आहे. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच.

गैरसमज : दात साफ करून घेतले की ते हलायला लागतात.
वस्तुस्थिती : दात आधीच सैल झालेले असतात, किटणाने ते जखडून ठेवलेले असतात. किटण निघालं, सूज उतरली की फटी उघड्या पडतात आणि दात लांब दिसतात. हाड आधीच गेलेलं असतं.

गैरसमज : हिरड्यांचं दुखणं तोंडापुरतंच.
वस्तुस्थिती : साखर ताब्यात नसेल तर पायोरिया बळावतो आणि पायोरियामुळे साखर आवरणं अवघड होतं. हिरड्यांखालची सफाई केल्यावर तीन-चार महिन्यांत मधुमेहींचं एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारं मोजमाप) सरासरी सुमारे ०.४ टक्क्यांनी उतरतं. रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिनसारख्या गोळ्यांनी काहींच्या हिरड्या वाढतात, इतर अनेक औषधांनी तोंड कोरडं पडतं. गोळ्या मनाने बंद करू नयेत, पण दंतवैद्याला त्यांची यादी जरूर दाखवावी.

रोजची सफाई नीट असेल तर सत्तरीतही उपचारांना हिरड्या चांगली साथ देतात. संधिवाताने बोटं आखडली असतील, तर जाड मुठीचा किंवा विजेवर चालणारा ब्रश घ्यावा, आणि तेही जमत नसेल तर दात घासून देण्याचं काम घरातल्या कुणीतरी अंगावर घ्यावं.