संगणकावर सांडलेले पाणी : धोका, कारणे आणि उपाय

जन्म-मृत्यूच्या नोंदी, घरपट्टीची आकारणी, शिक्षकांची वेतनदेयके, विद्यार्थ्यांची हजेरी असा बहुतेक कारभार आता संगणकावर चालतो. पूर्वी दप्तर भिजले तर कागद उन्हात वाळवून वाचता येत असे. संगणक भिजला तर मात्र पहिल्या काही मिनिटांत काय केले आणि काय टाळले, यावर यंत्राचे आणि त्यातील नोंदींचे भवितव्य ठरते. यास्तव या विषयाची शास्त्रीय माहिती प्रत्येक कार्यालयास व शाळेस असणे अगत्याचे आहे.

ठाणे जिल्ह्यातील ठाकुर्ली या गावाचा वीज आणि पाणी या दोहोंशी जुना संबंध आहे. विजेवर चालणारी भारतातील पहिली आगगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत धावली, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत, १९२९ च्या सुमारास, रेल्वेने ठाकुर्ली येथे स्वतःचे वीजनिर्मिती केंद्र उभारले. चोळे गावानजीकचे म्हणून 'चोळा पॉवर हाऊस' या नावाने ते ओळखले जाई. पुढे ते बंद झाले. अशा केंद्रात बाष्पकाच्या नळ्यांतून पाणी खेळते आणि जनित्राच्या तारांतून वीज वाहते. दोन्ही शेजारी नांदतात, परंतु प्रत्येकाचा मार्ग निराळा राखलेला असतो. संगणकाच्या मेजावर नेमकी हीच शिस्त मोडते.

पाण्याने बिघाड का होतो ?

अगदी शुद्ध पाणी विजेचे मंद वाहक आहे. परंतु नळाच्या पाण्यात क्षार असतात, चहात साखर व दूध असते, सरबतात आम्ल असते आणि खाडीच्या पाण्यात मीठ असते. या विरघळलेल्या पदार्थांमुळे पाणी वीज वाहू लागते. संगणकाच्या मुख्य फलकावरील तांब्याच्या वाटा एकमेकींपासून केसाच्या जाडीएवढ्याच अंतरावर असतात. त्यांच्यावर थेंब पडला की नको त्या दोन वाटा जोडल्या जातात आणि नाजूक भाग क्षणार्धात जळू शकतात.

दुसरी हानी सावकाश होते. ओल्या फलकावर विद्युतदाब असेल तर धन बाजूचे तांबे विरघळून ऋण बाजूकडे सरकते आणि तेथे नेच्याच्या पानासारखे बारीक धातूचे तंतू वाढतात. हे तंतू दोन वाटांना भिडले की काही दिवस चालणारा संगणक एकाएकी बंद पडतो. या क्रियेस फार मोठा दाब लागत नाही. घड्याळ चालू ठेवण्यासाठी मुख्य फलकावर बसविलेला ३ व्होल्टचा नाण्याएवढा विद्युतघटसुद्धा त्यासाठी पुरेसा आहे. 'संगणक बंद केला होता, तरी तो बिघडला कसा ?' या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर येथे सापडते.

प्रथम माणसाची सुरक्षितता

भिंतीतील वीज २३० व्होल्टची असते आणि संगणकाच्या वीजपुरवठा पेटीतील धारित्रांवर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत दाब साठतो. प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो. म्हणून ही पेटी कार्यालयात कोणीही उघडू नये. द्रव सांडताच पुढील क्रम पाळावा :

१. हात आणि पायाखालची जमीन कोरडी असेल तरच भिंतीवरील बटण बंद करून प्लग काढावा. जमीन ओली असल्यास मुख्य कळ बंद करावी. तेथवर कोरड्या वाटेने पोहोचता येत नसेल तर वीजतंत्रीस बोलवावे.

२. यूपीएस जोडलेला असल्यास त्याचे बटणही बंद करून संगणकाची तार त्यातून काढावी. बाहेरची वीज गेली तरी यूपीएस स्वतःच्या बॅटरीतून २३० व्होल्ट देतच राहतो, याचा विसर पडतो आणि अपघात घडतात.

३. लॅपटॉप असल्यास चार्जर काढावा, बटण दाबून धरून तो बंद करावा आणि बॅटरी सुटी होणारी असेल तर ती काढावी. त्यानंतर झाकण उघडे ठेवून तो पालथा धरावा, म्हणजे द्रव खालच्या फलकाकडे न जाता बाहेर येतो.

४. 'चालतो का पाहू' म्हणून यंत्र पुन्हा सुरू करू नये. वाचलेला संगणक बहुधा याच उत्सुकतेपायी जळतो.

स्वच्छ करणे आणि वाळविणे

साधे पाणी सांडले असेल तर पुसून वाळविणे बहुधा पुरते. चहा, सरबत किंवा पुराचे पाणी असेल तर केवळ वाळविणे पुरेसे नसते. पाणी उडून जाते, परंतु साखर व क्षार मागे राहतात आणि दमट हवेत पुन्हा ओलावा धरतात. असा फलक माहितगार तंत्रज्ञाने सुटा करून, त्यावरील विद्युतघट काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ कुंचल्याच्या साहाय्याने धुवावा. हे रसायन ज्वालाग्राही असल्याने खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळपास ज्योत नसावी. ते उपलब्ध नसल्यास वाहनांच्या बॅटरीत घालावयाचे क्षारविरहित पाणी वापरता येते. नळाचे पाणी मात्र वापरू नये.

वाळविण्यासाठी सावलीत पंख्याखाली किमान ४८ तास ठेवावे. कोकणपट्टीत पावसाळ्यात हवाच दमट असल्याने याहून अधिक काळ लागतो. केस वाळविण्याच्या यंत्राची गरम हवा प्लास्टिकला वाकविते व पाणी आणखी आत ढकलते. भिजलेले यंत्र तांदळात पुरण्याचा उपाय सर्वतोमुखी आहे, परंतु तांदूळ क्षार ओढून घेत नाही, उलट त्याचा भुसा छिद्रांत शिरतो. कळफलक स्वस्त असतो. त्यावर चहा सांडला तर तो बदलणेच श्रेयस्कर.

माहितीचे मोल

यंत्र पुन्हा विकत घेता येते, परंतु गावच्या आकारणी नोंदी बाजारात मिळत नाहीत. म्हणून हार्ड डिस्कची काळजी वेगळी घ्यावी. ती स्वतः उघडू नये आणि तिला वीज देऊ नये. पुरात बुडालेली डिस्क घरी वाळवू नये, कारण आतील चकतीवर गाळ वाळून घट्ट बसतो. ती ओलसर असतानाच हवाबंद पिशवीत घालून माहिती परत मिळविणाऱ्या तज्ज्ञाकडे पाठवावी.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि उल्हास नदीच्या काठच्या कल्याण-डोंबिवली परिसरातही सखल भागांत पुराचे पाणी शिरले. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि २०२१ मध्ये चिपळूण-महाड येथेही तोच अनुभव आला. अशा वेळी कपभर चहाचा प्रश्न राहत नाही, संपूर्ण दप्तराचा होतो. पुराच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेले असल्याने भिजलेली यंत्रे हाताळताना हातमोजे घालावेत. पंचनाम्यासाठी छायाचित्रे घ्यावीत आणि जडवस्तू संग्रह नोंदवहीतील क्रमांकांची यादी करावी. निकामी भाग कचऱ्यात टाकू नयेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार ते नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे गेले पाहिजेत.

खबरदारी

उपायांपेक्षा खबरदारी स्वस्त असते. संगणकाची पेटी जमिनीवर न ठेवता फूट-दीड फूट उंच चौथऱ्यावर ठेवावी. पूरप्रवण गावांत संगणक वरच्या मजल्यावर असावेत. खिडकीखाली आणि गळक्या छताखाली मेज मांडू नये. चहापाण्यासाठी निराळे मेज असावे, आणि हा नियम अधिकाऱ्यांनी प्रथम स्वतः पाळावा. वीजजोडणीत ३० मिलीअँपिअरला तुटणारे गळतीरोधक उपकरण बसवून घ्यावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दर आठवड्यास सर्व नोंदींची प्रत काढून ती दुसऱ्या इमारतीत ठेवावी. एकाच कपाटात ठेवलेल्या दोन प्रती एकाच पुरात वाहून जातात.

जून उजाडण्यापूर्वी आपण कौले शाकारतो आणि गटारे उपसतो. त्याच कामांच्या यादीत संगणकाचे मेज उचलणे आणि नोंदींची प्रत काढणे ही दोन कामे प्रत्येक ग्रामपंचायतीने व शाळेने समाविष्ट केली, तर पावसाळ्यानंतर घरपट्टीची यादी नव्याने लिहिण्याची पाळी कोणावर येणार नाही.