मत्स्यपेटी आणि आपले आरोग्य

पिंगळीत काही रुग्णांच्या घरी गेलो की हल्ली काचेची मत्स्यपेटी दिसते. छंद उत्तम, पण थोडी माहिती हवी.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांना मारक असते. म्हणून पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवून मगच वापरावे. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. तो पचविणारे जिवाणू पेटीत रुजायला ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर एक-दोनच मासे ठेवावेत. पुढे दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे.

हाताला जखम असल्यास पेटीत हात घालू नये. मायकोबॅक्टेरियम मरायनम हा क्षयाच्या जंतूचा भाऊबंद तेथून शिरतो. काही आठवड्यांनी बोटावर गाठ किंवा न भरणारी जखम होते. साध्या मलमाने ती जात नाही. घरी मासे आहेत हे रुग्ण सांगत नाही, आम्हीही विचारत नाही. मग निदान महिनोन्‌महिने लांबते.

जादा झालेले गप्पी मासे नाल्यात सोडू नयेत. वापराच्या पाण्याच्या हौदात सोडावेत. ते डासांच्या अळ्या खातात. टंचाईमुळे पाणी साठविणाऱ्या आपल्या भागात डेंग्यू रोखण्यास तेवढीच मदत होते.