खुडूक गावरान, अंडी वनराजाची

वनराजा, गिरिराजा या सुधारित जातीच्या कोंबड्या अंडी भरपूर देतात, पण खुडूक सहसा बसत नाहीत. म्हणून परसात दोन-तीन गावरान कोंबड्या हव्यातच! गावरान खुडूक झाली की अंधार पडल्यावर तिच्याखाली वनराजाची 10-12 ताजी अंडी सरकवा. सातव्या रात्री अंडं बॅटरीवर धरून बघा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर जीव धरलाय, नुसतं स्वच्छ दिसलं तर काढून टाका. 21 दिवसांनी पिल्लं.

8-10 कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरे. तो दरवर्षी बदला, नाहीतर बाप-लेकींची जोडी लागून पिल्लं मरतुकडी निघतात. कडकनाथाचा कोंबडा सोडलात तर काळी पिल्लंही येतील, पण ती संकरित, 'कडकनाथ' म्हणून विकू नका राव! पिल्लांना मानमोडी रोगाची लासोटा लस मात्र पहिल्याच आठवड्यात, डोळ्यात थेंब टाकून.