कामगार आणि करार (लेखांक ६) : कामाचे दिवस कोण मोजतो?

कामरगावचा माणूस कारंज्याला निघतो तेव्हा बस महामंडळाची असते आणि रस्ता बांधकाम खात्याचा. तालुक्यातले कारंजा-सोहोळ अभयारण्य वन विभाग सांभाळतो. राज्यभर या तिन्ही खात्यांनी बरेचसे काम रोजंदारीवर करून घेतले आहे. काम निघाले की बोलावणे येते, संपले की माणूस घरी. अशा अधूनमधून मिळणाऱ्या कामात कामगाराच्या पदरी काय पडते, हा आजचा विषय.

महाराष्ट्रात याचे एक जुने उत्तर आहे : १९६७ चा कालेलकर करार. बांधकाम आणि पाटबंधारे खात्यांतल्या रोजंदारी मजुरांसाठी तो मोलाचा ठरला. सलग पाच वर्षे सेवा झाली की मजुराला ‘रूपांतरित नियमित अस्थायी आस्थापने’वर घ्यायचे, हे त्याचे सूत्र. नाव अवघड असले तरी अर्थ सरळ आहे. रोजाच्या मजुरीऐवजी मासिक वेतन मिळते आणि पुढच्या सवलतींचा दरवाजा उघडतो. एसटीतही १९५६ च्या करारात असेच कलम होते. साप्ताहिक सुट्या धरून सलग १८० दिवस भरले की रोजंदारीवरच्या कामगाराला समयवेतनश्रेणी द्यावी, असे त्यात ठरले.

म्हणजे सगळे ‘सलग’ या अटीवर येऊन थांबते. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ च्या कलम २५-ब ने बारा महिन्यांत प्रत्यक्ष २४० दिवस काम केलेल्याची सेवा अखंड धरली. पण त्यामुळे माणूस कायम होत नाही. नोटीस आणि भरपाई दिल्याशिवाय त्याला कमी करता येत नाही, एवढेच संरक्षण मिळते. म्हणूनच दिवस भरत आले की चार-आठ दिवसांचा कृत्रिम खंड पाडण्याची वाईट रीत पडली.

या रीतीला आळा घालण्याचे साधन महाराष्ट्राने १९७१ च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायद्यात दिले. कायमपणाचे लाभ टाळण्याच्या हेतूने माणसाला वर्षानुवर्षे बदली, नैमित्तिक किंवा तात्पुरता ठेवणे ही त्या कायद्याने अनुचित प्रथा ठरवली. पुण्यातल्या पाचगाव-पर्वती योजनेवरचे वनमजूर याच आधारे लढले आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकले. याच न्यायालयाच्या २००६ च्या उमादेवी निकालाने रीतसर भरतीशिवाय कायम करण्यावर कडक बंधने घातली. तरीही २००९ मध्ये एसटीच्या सफाई कामगारांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की, अनुचित प्रथा सिद्ध झाली आणि पदे उपलब्ध असली, तर औद्योगिक न्यायालयाचा कायम करण्याचा अधिकार शाबूत आहे.

मात्र २४० दिवस भरल्याचा पुरावा कामगारानेच द्यायचा असतो. नुसते शपथेवर सांगणे पुरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये एका वनखात्याच्या प्रकरणात स्पष्ट केले. हजेरीपट साहेबाच्या कपाटात आणि सिद्ध करण्याचा भार मजुराच्या डोक्यावर, ही विषम स्थिती आहे. मला सर्वांत जास्त बोचते ती हीच. कामगार संघटनेची खरी कसोटीही इथेच लागते. वेतनवाढीची मागणी सगळेच करतात, पण दर महिन्याला हजेरीची प्रत मजुराच्या हाती पडावी, हे कलम करारात आग्रहाने घालायला हवे.

तोवर प्रत्येक रोजंदारी कामगाराने आपली वही ठेवावी. तारीख, कामाची जागा, देखरेख करणारा कोण आणि मिळालेली मजुरी एवढे रोज लिहावे. मजुरी बँकेत जमा होत असेल तर पासबुक नियमित भरून घ्यावे. माहिती अधिकाराखाली हजेरीपटाची प्रत मागता येते. ती काम सुरू असतानाच मागावी, कारण काम सुटल्यावर जुनी कागदपत्रे मिळवणे कठीण होते.

पुढील आठवड्यात : कंत्राटदारामार्फत लागलेल्या कामगाराचा मालक कोण?