देवघर आधी मांडा

जोडीदार गेल्यावर कोकणातले घर बंद करून मुलाकडे शहरात राहायला आलेली वृद्ध माणसे माझ्या दवाखान्यात नेहमी येतात. रक्तदाब वाढलेला असतो, झोप उडालेली असते. कसे वाटते, असे विचारले की उत्तर बहुधा ठरलेले : "देव ठेवील तसे राहायचे."

या उत्तराला कोणी हसू नये. घर विकायचे की ठेवायचे, कोणत्या खोलीत झोपायचे, हे सारे इतरांनी ठरवलेले असते. अशा वेळी ईश्वरावरचा भरवसा हीच त्यांची स्वतःची उरलेली गोष्ट असते. होम्स आणि राहे या अमेरिकी संशोधकांनी १९६७ मध्ये आयुष्यातील ४३ घटनांना ताणाचे गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला १००, राहते घर बदलण्याला २० आणि चर्चमधील नेम बदलण्याला १९! यादी तिकडची म्हणून शब्द चर्चचा; आपण तिथे देऊळ वाचावे. आपण मात्र टेम्पोत किती सामान मावेल, याचाच हिशेब करतो.

म्हणून नव्या घरी कपाटे लागण्यापूर्वी देवघर मांडावे आणि पूजा त्यांनाच करू द्यावी. स्नान, फुले, दिवा हा क्रम त्यांच्या हातांना पाठ असतो. परक्या घरात दिवसाचा तेवढाच भाग ओळखीचा. "आई, तुम्ही बसा, मी करते," हे सुनेचे म्हणणे मायेचेच, पण त्याने त्यांचे काम जाते. जवळच्या देवळापर्यंत पहिले काही दिवस सोबत जावे. पाय चालतात, समवयस्क भेटतात.

मात्र "देवावर सोडले आहे" हे एक जण गोळी घेऊन म्हणतो, दुसरा गोळ्यांचा डबा बाजूला सारून. विचारून ते कळत नाही; डबा उघडून पाहावा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्याने नवसाचा कडक उपवास धरला, तर रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. औषधाची मात्रा डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्यावी. रात्री पाय जुन्या घराच्या सवयीने वळतात, तेव्हा शौचालयापर्यंत मंद दिवा तेवत ठेवावा. अचानक असंबद्ध बोलणे सुरू झाले, तर "जागा बदलली ना" म्हणून स्वस्थ बसू नये. मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा सोडियमची कमतरताही असू शकते. त्याच दिवशी दाखवावे.

दुःखात देवाशी भांडणाऱ्या आजींची मला फारशी चिंता वाटत नाही. त्यांचे बोलणे तरी चालू असते. पण वर्षानुवर्षे पूजा न चुकवलेली व्यक्ती "आता कशाला?" म्हणून ती टाळू लागली, दोन आठवडे अन्न गोड लागत नाही, झोप नाही, कशातच मन नाही, तर श्रद्धेचे धडे देऊ नयेत. हे नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. त्यांना डॉक्टरांकडे न्यावे. जाताना गोळ्यांचा डबा आणि गावच्या डॉक्टरांचे जुने कागद बरोबर असावेत.